कोल्हापूरहून क्रोएशिया आणि माँटेनेग्रो: समुद्रकाठचा रस्ता, सीमा आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रोएशियात भाड्याची गाडी घ्यायची, समुद्राच्या कडेनं दुब्रोव्हनिकपर्यंत यायचं आणि पुढे सीमा ओलांडून माँटेनेग्रोतल्या कोतोरच्या खाडीत उतरायचं, असा बेत आता कोल्हापुरातही बरेच जण आखतात. त्यांच्याकडून फोनवर आणि व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गाडी चालवण्याची धास्ती सगळ्यांना असते, पण बेत फसतो तो बहुतेक वेळा कागदांपायी. आणि ते कागद कोल्हापूर सोडण्याआधीच पुरे करावे लागतात. म्हणून व्हिसा आणि गाडीच्या परवानगीबद्दल जरा सविस्तर लिहिलं आहे.

१. हा रस्ता नेमका कुठून कुठे जातो?

रस्त्याचं तिथलं नाव यादरान्स्का मागिस्त्राला, म्हणजे एड्रियाटिक समुद्राकाठचा महामार्ग. क्रोएशियाच्या नकाशावर तो डी-८ म्हणून दिसतो आणि त्याचा बराच भाग ई-६५ या युरोपीय मार्गात येतो. उत्तरेला रियेका, मग सेन्य, झादर, शिबेनिक, स्प्लिट, मकार्स्का आणि शेवटी दुब्रोव्हनिक. आठ-दहा दिवसच हातात असतील तर स्प्लिटहून सुरुवात करा. स्प्लिट ते दुब्रोव्हनिक साधारण २३० किलोमीटर आणि दुब्रोव्हनिक ते कोतोर साधारण ९० किलोमीटर. ओमिश ते मकार्स्का हा टप्पा अजिबात घाईत उरकू नका. एका बाजूला बिओकोवोचा १,७६२ मीटर उंचीचा उघडा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला थेट पाणी असा हा रस्ता आहे.

उत्तरेकडून दक्षिणेकडे या, असं आम्ही आग्रहानं सांगतो. तिथे वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे दक्षिणेकडे येताना तुमची लेन समुद्राच्या बाजूला असते. थांब्यावर गाडी वळवताना समोरची लेन छेदावी लागत नाही. उलट दिशेनं गेलात तर डोंगराच्या कडेनं जावं लागतं आणि प्रत्येक थांबा पलीकडच्या बाजूला येतो.

२. मे महिन्याची सुट्टी बरी की दिवाळीची?

मे. हवा सुखद असते, दिवस मोठा असतो आणि सीमेवर गर्दी कमी असते. जून आणि सप्टेंबरही उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये निम्मा युरोप या किनाऱ्यावर उतरतो. दिवाळीच्या सुमारास पाऊस सुरू होतो, छोट्या गावांतली हॉटेलं बंद व्हायला लागतात आणि डोंगराकडून समुद्राकडे बुरा नावाचा जोराचा वारा सुटू शकतो. त्याचा जोर वाढला की सेन्यच्या बाजूचे रस्ते आणि काही पूल बंदही ठेवतात.

३. व्हिसा दोन लागतात का? एक क्रोएशियाचा आणि एक माँटेनेग्रोचा?

बहुतेकांना एकच पुरतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिशावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, म्हणून भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. माँटेनेग्रो शेंगेनमध्ये नाही आणि युरोपीय संघातही नाही. पण वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना तिथे वेगळा व्हिसा न काढता ३० दिवसांपर्यंत राहता येतं. व्हिसा त्याआधी संपत असेल तर तेवढ्याच दिवसांपर्यंत.

अर्ज ज्या शेंगेन देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. या हिशेबात माँटेनेग्रोतल्या रात्री धरल्या जात नाहीत. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत देता येतो. किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो, पण एवढ्या उशिरा देऊ नका. मोठ्यांसाठी फी ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो, त्याहून लहानांना माफ. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. नूतनीकरण करायचं असेल तर कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, तिथे ते आधी उरकून घ्या.

प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. घेताना एजंटाला स्पष्ट विचारा की यात माँटेनेग्रो येतं का. फक्त ‘शेंगेन’ लिहिलेली पॉलिसी सीमेपलीकडे उपयोगाची नाही.

४. अर्जात ‘सिंगल एंट्री’ लिहू की ‘मल्टिपल’? एजंट म्हणतो काय फरक पडत नाही.

फरक पडतो, आणि या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. दुब्रोव्हनिकहून माँटेनेग्रोत पाऊल टाकलंत की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात. सिंगल एंट्री व्हिसा तिथेच संपतो, त्यावर तारखा कितीही शिल्लक असोत. परत क्रोएशियात येता येत नाही. तुमचं परतीचं विमान, भाड्याची गाडी, हॉटेलात ठेवलेलं सामान, सगळं त्या बाजूला राहतं.

अर्जात ‘मल्टिपल’वर खूण करा आणि सोबतच्या पत्रात कारण लिहा: अमुक तारखेला दुब्रोव्हनिकहून कोतोर, अमुक तारखेला परत. माँटेनेग्रोतल्या हॉटेलचं बुकिंगही जोडा. व्हिसा हातात आला की स्टिकरवर एंट्रीच्या रकान्यात काय छापलंय ते तिथल्या तिथे पाहा. ‘०१’ म्हणजे एकदाच, ‘०२’ म्हणजे दोनदा, ‘मल्ट’ म्हणजे कितीही वेळा. या प्रवासाला ‘०२’ चालतो, पण तेवढ्यावर नेउममार्गे जाऊ नका (प्रश्न १० पाहा). ‘०१’ आला तर माँटेनेग्रो या वेळी सोडून द्या आणि ते दिवस कोरचुला, ह्वार अशा क्रोएशियातल्याच बेटांना द्या.

ज्यांनी गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियम पाळून वापरलेत, त्यांच्यासाठी एप्रिल २०२४ पासून भारतीयांकरता सवलतीचा नियम आहे. त्यांना एरवी दोन वर्षांचा मल्टिपल व्हिसा मिळू शकतो. जुन्या व्हिशांच्या प्रती अर्जाला जरूर जोडा.

५. इंटरनॅशनल लायसन्स कुठं काढायचं? ऑनलाइन साइटवर मिळतं म्हणे.

आपल्या आरटीओत. कोल्हापूरच्या पत्त्याचं लायसन्स असेल तर एमएच-०९चं कार्यालय. अर्ज सारथी पोर्टलवर भरायचा, नमुना ४-ए, फी १,००० रुपये. परवाना एक वर्ष चालतो, पण मूळ लायसन्स आधी संपत असेल तर तेवढाच. म्हणून मूळ लायसन्सची मुदत आधी बघा.

परदेशी साइटवरून पैसे भरून जी रंगीत पुस्तिका घरपोच येते, ती सरकारी परवाना नाही. अपघात झाला तर विमा कंपनी तिला विचारणार नाही.

आणि मूळ लायसन्स घरी ठेवून जाऊ नका. परवाना त्याच्या जोडीनंच चालतो.

६. माझ्या लायसन्सवर माहेरचं नाव आहे आणि पासपोर्टवर सासरचं. चालेल का?

अडचण येऊ शकते. इंटरनॅशनल परवाना लायसन्सवरून निघतो, गाडीचं बुकिंग पासपोर्टवरून तपासतात आणि डिपॉझिट क्रेडिट कार्डावरून कापतात. या तिन्हींवर नाव एकच हवं. लायसन्सवरचं नाव आधी बदलून घ्या आणि मगच परवान्याचा अर्ज करा. मधल्या नावाचाही घोटाळा आपल्याकडे नेहमी होतो. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं. गाडी बुक करताना पासपोर्टवर जसं छापलंय तसंच्या तसं लिहा.

७. भाड्याची गाडी सीमेपलीकडे नेता येते का?

येते, पण कंपनीच्या लेखी परवानगीनं. बुकिंग करतानाच कोणकोणत्या देशांत जाणार ते कळवा. बहुतेक कंपन्या त्याचे वेगळे पैसे घेतात. काही कंपन्या ठरावीक महागड्या गाड्या युरोपीय संघाबाहेर नेऊ देत नाहीत. परवानगीशिवाय गेलात तर पलीकडे झालेलं सगळं नुकसान तुमच्या अंगावर येतं.

गाडी ताब्यात घेताना चार कागद मागून घ्या: भाडेकरार, सीमा ओलांडण्याची परवानगी, गाडीचं नोंदणीपत्र आणि ग्रीन कार्ड. ग्रीन कार्ड म्हणजे गाडीचा विमा परदेशात चालतो याचा पुरावा. नावात ग्रीन असलं तरी आता ते साध्या पांढऱ्या कागदावर छापलेलं मिळतं, दचकू नका. ग्रीन कार्डावर देशांच्या खुणा छापलेल्या असतात. त्यात माँटेनेग्रोची खूण खोडलेली नाही ना, हे काउंटरवरच पाहा.

मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट कार्डावर भरवसा ठेवू नका. दोघं आलटूनपालटून चालवणार असाल तर दुसऱ्याचं नाव करारात घाला. काच, टायर आणि गाडीचा खालचा भाग साध्या विम्यात सहसा नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. गाडीचा सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा. कोतोरमध्ये गाडी सोडून तिथूनच परतायचा विचार असेल तर खर्च आधी विचारा. दुसऱ्या देशात गाडी सोडणं फार महाग पडतं.

८. उजव्या बाजूनं चालवायचं, स्टिअरिंग डावीकडं. जमंल का?

जमतं. पहिला तास जपायचा. शक्य असेल तर ऑटोमॅटिक गाडी आधीच सांगून ठेवा, नाहीतर बहुधा गिअरची मिळते आणि गिअर उजव्या हाताला असतो. इंडिकेटरचा दांडा डावीकडे असतो, म्हणून सुरुवातीला वळताना हमखास वायपर चालू होतो. घाबरू नका, दांडा नीट बघून घ्या.

सरळ रस्त्यावर चूक होत नाही. ती होते पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, रिकाम्या रस्त्यावर आणि सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना. तेव्हा शेजारच्यानं ‘उजवीकडे’ असं मोठ्यानं म्हणायची सवय ठेवा. चौकातल्या वर्तुळात डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस दिसला की थांबायचंच. हॉर्न फक्त धोका असेल तेव्हा.

वेगमर्यादा क्रोएशियात गावात ५०, बाहेर ९० आणि टोलच्या मोटरवेवर १३०. माँटेनेग्रोत गावाबाहेर साधारण ८०, आणि तिथे दिवसाही हेडलाइट चालू ठेवणं बाराही महिने सक्तीचं आहे. दारूची मर्यादा क्रोएशियात ०.५ आणि माँटेनेग्रोत ०.३, पण चालवणाऱ्यानं शून्यच धरावी.

९. घाटाची सवय आहे, गगनबावडा, आंबोली नेहमीचं. तिथली वळणं त्याहून अवघड आहेत का?

मुख्य रस्त्याची नाहीत. डांबर चांगलं, कठडे पक्के, खड्डे जवळजवळ नाहीत. करूळ घाट पावसाळ्यात उतरलेल्याला हा रस्ता सोपाच वाटेल. अवघड जाते ती तिथली शिस्त. आपण घाटात हॉर्न वाजवून वळणावर पुढे काढतो. तिथे अखंड पांढऱ्या रेषेवर कुणी ओव्हरटेक करत नाही आणि पोलीस नेमके अशाच जागी उभे असतात. मागे रांग लागली तर थांब्यावर कडेला घ्या आणि त्यांना जाऊ द्या.

१०. मॅप दुब्रोव्हनिकला जाताना बोस्नियातून नेतोय. तसं जायचं का?

क्रोएशियाच्या किनाऱ्याचे दोन तुकडे आहेत आणि मध्ये नेउम या गावाजवळ बोस्नियाचा किनारा येतो, सुमारे वीस किलोमीटरचा. याचं मूळ १६९९ सालच्या कार्लोविट्झच्या तहात आहे. दुब्रोव्हनिकच्या जुन्या प्रजासत्ताकाला शेजारच्या व्हेनिसची भीती वाटायची. म्हणून दोन्ही टोकांना जमिनीच्या पट्ट्या ऑटोमन साम्राज्याकडे देऊन त्यांनी मध्ये अंतर पाडलं. एक पट्टी नेउमची आणि दुसरी सुतोरिनाची. सुतोरिना आज माँटेनेग्रोत आहे, दुब्रोव्हनिककडून सीमा ओलांडली की लगेच लागते. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या धोरणाच्या खुणा आज तुमच्या पासपोर्टवर उमटू शकतात.

नेउममधून गेलात तर दोनदा सीमा लागते आणि तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता, म्हणजे एक एंट्री खर्च होते (प्रश्न ४). व्हिसा पुरेल की नाही अशी शंका असेल तर पेल्येशात्स पुलावरून जा. २६ जुलै २०२२ ला खुला झालेला हा २,४०४ मीटर लांबीचा पूल नेउमला वळसा घालून क्रोएशियातूनच पुढे नेतो. टोल नाही. मॅपमध्ये मधला थांबा म्हणून ‘स्टोन’ गाव टाका, मग मॅप पुलावरूनच नेतो. स्टोनमध्ये उतराच. डोंगरावर चढत गेलेला साडेपाच किलोमीटरचा दगडी तट तिथे उभा आहे आणि गडकोट बघितलेल्या माणसाला तो बघताना वेळेचं भान राहत नाही.

११. माँटेनेग्रोच्या सीमेवर नेमकं काय होतं?

मुख्य नाका कारासोविची, पलीकडच्या बाजूला देबेली ब्रियेग. आधी क्रोएशियाची खिडकी, मग थोडा रस्ता, मग माँटेनेग्रोची खिडकी. गाडीतून उतरायचं नाही. सगळ्यांचे पासपोर्ट एकत्र करून ड्रायव्हरनं द्यायचे, व्हिशाचं पान उघडून. गाडीचे कागद (प्रश्न ७) हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. कुठे चाललात, किती दिवस, एवढंच बहुधा विचारतात. नाक्यावर फोटो काढू नका. १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर ती जाहीर करावी लागते.

शेंगेनच्या बाजूला आता ईईएस ही नवी नोंदणी आहे. ती १२ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झाली. शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि येण्या-जाण्याची संगणकीय नोंद होते. व्हिसा घेताना बोटांचे ठसे दिलेले असल्यानं ते नव्यानं साठवत नाहीत, फक्त पडताळू शकतात. यासाठी फी नाही. कुणी पैसे मागत असेल तर ती फसवणूक आहे.

१२. रांग किती लागते? टाळता येते का?

मे महिन्यात सकाळी लवकर गेलात तर फारशी नाही. ऑगस्टच्या शनिवारी दुपारी तासन्‌तास. सकाळी सातच्या आत नाका गाठणं हाच खात्रीचा उपाय. एचएके या क्रोएशियन ऑटोमोबाइल क्लबच्या ॲपवर नाक्यांचे कॅमेरे दिसतात, निघण्याआधी बघा. समुद्राच्या बाजूला विताल्यिना-कोबिला हा छोटा नाकाही आहे. तो त्या दिवशी किती वाजेपर्यंत उघडा आहे ते हॉटेलवाल्याला विचारून मगच तिकडे वळा.

परतताना विमान त्याच दिवशी धरायचं असेल तर हिशेब सैल ठेवा. दुब्रोव्हनिकचा विमानतळ शहर आणि सीमा यांच्या मध्ये, चिलिपीला आहे. अंतर कमी दिसतं, पण वेळ नाक्यावर जातो.

१३. सीमा ओलांडल्यावर फेरीबोट घ्यायची की खाडीला वळसा घालायचा?

जाताना वळसा, येताना फेरी. कामेनारी ते लेपेताने ही गाड्यांची फेरी दिवसरात्र चालते, काही मिनिटांत पलीकडे पोचवते आणि खाडीभोवतीचा लांब वळसा वाचवते. पण कोतोरच्या खाडीचं सौंदर्य नेमकं त्या वळशात आहे. रिसान, पेरास्त, पेरास्तसमोरची चर्च असलेली दोन छोटी बेटं आणि अंगावर आल्यासारखे वाटणारे डोंगर. पेरास्तमध्ये गाडी गावाबाहेर लावून चालत जा.

१४. कोतोरच्या वरचा वळणांचा रस्ता करावा का?

कोतोरहून न्येगुशीला चढणाऱ्या रस्त्यावर २५ हेअरपिन वळणं आहेत आणि वर गेल्यावर सगळी खाडी पायाखाली दिसते. रस्ता एका गाडीपुरता आहे. समोरून बस आली की मागे घ्यावी लागते, तीही दरीच्या बाजूनं. भाड्याच्या नव्या गाडीवर ज्याचा हात बसला आहे त्यानंच जावं, सकाळी नऊच्या आत. बाकीच्यांनी टॅक्सी करावी. दृश्य तेच आहे.

१५. पैसे आणि फोन?

दोन्हीकडे युरो. क्रोएशियानं १ जानेवारी २०२३ पासून युरो घेतला, त्यामुळे कुणी कुना या जुन्या चलनाच्या नोटा दिल्या तर घेऊ नका. माँटेनेग्रो युरोपीय संघात नसलं तरी २००२ पासून युरोच वापरतं. फेरी आणि पार्किंगसाठी सुटे युरो ठेवा.

फोनचं मात्र वेगळं आहे. युरोपीय संघाच्या सिमवरचं फुकट रोमिंग माँटेनेग्रोत लागू नाही. सीमेजवळच्या गावांत फोन आपणहून पलीकडचं नेटवर्क पकडतो आणि बिल चढतं. नाक्याआधी डेटा बंद करा, मॅप आधीच उतरवून ठेवा किंवा दोन्ही देश चालणारं ई-सिम घ्या.

१६. भडंग, चटणी नेऊ का? आणि तिकडून चीज आणता येईल?

भडंग, कांदा-लसूण मसाला, थालीपिठाची भाजणी खुशाल न्या, बंद पाकिटात. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, खवा, सुकं मटण नको.

हाच नियम माँटेनेग्रोहून परत येतानाही लागतो आणि इथे बरेच जण फसतात. न्येगुशीचं चीज आणि वाळवलेलं मांस प्रसिद्ध आहे, लोक हौसेनं विकत घेतात आणि क्रोएशियाच्या नाक्यावर ते काढून घेतलं जातं. जे खायचं ते तिथेच खा.

१७. माँटेनेग्रोत पोलिसांत नोंद करावी लागते का?

२४ तासांच्या आत राहण्याची नोंद व्हावी लागते. हॉटेल ती स्वतः करतं. कुणाच्या घरी किंवा अपार्टमेंटमध्ये राहणार असाल तर मालकाला पहिल्याच संध्याकाळी विचारा आणि पावती मागून घ्या. बाहेर पडताना नाक्यावर ती मागू शकतात.

१८. माझा मुलगा अमेरिकेत आहे, भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेचा व्हिसा. तो थेट दुब्रोव्हनिकला येऊन आम्हाला भेटेल का?

अमेरिकेच्या वैध व्हिशावर त्याला माँटेनेग्रोत येता येईल, क्रोएशियात नाही. क्रोएशियासाठी त्यालाही शेंगेन व्हिसाच लागेल. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलं तरी हेच. त्याच्याकडे तो नसेल तर भेट कोतोरमध्ये ठरवा, त्यानं तिवात किंवा पोद्गोरित्साच्या विमानतळावर उतरावं.

१९. तिथवर गेलोच आहोत तर अल्बेनियाही करावं का?

आठ दिवसांत नको. वेळ असेल तर अल्बेनियात शिरायला शेंगेनचा मल्टिपल व्हिसा एकदा वापरलेला असावा लागतो, तो तुमचा क्रोएशियात वापरून झालेला असेल. पण गाडीची परवानगी तिसऱ्या देशासाठी वेगळी घ्यावी लागते आणि ग्रीन कार्डावर अल्बेनियाची खूणही हवी.

२०. गाडीला धक्का लागला तर?

गाडी हलवू नका, फोटो काढा, ११२ ला फोन करा. हा नंबर दोन्ही देशांत चालतो. गाडीतून उतरण्याआधी चमकदार जॅकेट अंगात घाला. ते गाडीतच असतं, नसेल तर गाडी घेतानाच मागा. नुकसान किरकोळ दिसलं आणि समोरचा ‘जाऊ द्या’ म्हणाला तरी पोलिसांचा कागद घ्याच. त्याशिवाय भाड्याची कंपनी विमा देत नाही. सीमेवरही गाडीला मोठी ठोकर दिसली तर कागद विचारतात. मग कंपनीला त्याच दिवशी फोन करा आणि कागदाची मूळ प्रत गाडी परत देईपर्यंत जपून ठेवा.

२१. आमची स्वतःची एमएच-०९ गाडी नेता येणार नाही का?

आठ-दहा दिवसांच्या सहलीसाठी नाही. गाडी बोटीनं पाठवावी लागते किंवा कित्येक देश ओलांडत महिनोन्‌महिने चालवावी लागते. वाटेतल्या बऱ्याच देशांत कार्नेट नावाची गाडीची हमी लागते आणि त्यासाठी मोठी रक्कम अडकून पडते. तसा बेत असेल तर त्याची तयारी वर्षभर आधी सुरू करा. या रस्त्यासाठी स्प्लिटला उतरून भाड्याची गाडी घ्या.